पहिल्या वर्षातील अपयश : लपवायचे की खतावायचे?

पूर्वी महाविद्यालयाचा निकाल सूचनाफलकावर लागत असे. फलकासमोर गर्दी होई, आसनक्रमांक शोधणारी बोटे खालीवर फिरत आणि मुलगा घरी पोहोचण्याआधी बातमी गल्लीत पोहोचलेली असे. त्यात लाज होती, परंतु एक गोष्ट निश्चित होती : अपयश लपत नसे. आता निकाल विद्यार्थ्याच्या मोबाईलवर येतो. तो एकट्याने पाहतो, एकट्याने बंद करतो आणि संध्याकाळी जेवणाच्या पाटावर नेहमीच्या चेहऱ्याने बसतो. निकाल खासगी झाला, त्याबरोबर अपयशही एकाकी झाले.

काळाचौकी, अभ्युदयनगर, कॉटन ग्रीन, घोडपदेव, लालबाग या पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांची दिनचर्या या एकाकीपणाला नकळत हातभार लावते. वडील आणि काका सकाळी दुकान उघडण्यासाठी निघतात, ते रात्रीच परततात. मुलगा परळ, दादर किंवा माटुंग्याच्या महाविद्यालयात जातो, एवढी माहिती घराला पुरेशी वाटते. दहावी-बारावीला शिकवणीची फी, चाचण्यांचे गुण आणि बोर्डाच्या परीक्षेची तारीख घरातील प्रत्येकाला पाठ असते. तेरावीला मात्र मुलगा ‘कॉलेजात गेला’ आणि घराची चौकशी संपली. म्हणूनच पहिल्या वर्षाचे अपयश अनेक घरांत अचानक कोसळते. वास्तविक ते वर्षभर हळूहळू साचत आलेले असते.

लपवणुकीचे व्याज

तोटा झाला म्हणून व्यापारी बुडत नाही. तोटा वहीत न लिहिल्याने तो बुडतो, हे आपल्या समाजात कोणाला सांगावे लागत नाही. बँकेतही हाच नियम दिसतो. कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते. जो कर्जदार पहिला हप्ता चुकताच स्वतःहून येऊन अडचण सांगतो, त्याच्यासाठी मुदतवाढीचे आणि फेररचनेचे मार्ग खुले असतात. जो दूरध्वनी उचलणे बंद करतो, त्याचे मार्ग एकेक करून बंद होतात. दोघांची अडचण आरंभी सारखीच असते. फरक पडतो तो कळविण्याच्या दिवसाचा.

विद्यार्थ्याचेही तसेच आहे. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागणे, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करणे, अडकलेल्या विषयांच्या परीक्षेचा अर्ज भरणे, या प्रत्येक गोष्टीला मुदत असते. मुलगा घरी सांगण्याचे धैर्य गोळा करत असतो तेव्हा या मुदती एकामागून एक उलटून जातात. त्यानंतर एका असत्याला दुसऱ्याचा आधार लागतो. दुसऱ्या वर्षाची फी म्हणून पैसे घेतले जातात, नसलेल्या वर्गाच्या नसलेल्या तासांना तो रोज घरातून निघतो. दोन विषयांचे अपयश अशा रीतीने दोन वर्षांचे होते. मुद्दल लहान असते, व्याज मोठे होते.

या व्याजाचा सर्वांत भयंकर हप्ता कोणता, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. देशातील आत्महत्यांच्या शासकीय नोंदीत ‘परीक्षेतील अपयश’ असे एक स्वतंत्र कारण दरवर्षी नोंदवावे लागते. गुणपत्रिकेतील आकड्यांपेक्षा ‘आता पप्पांना तोंड कसे दाखवू’ हा प्रश्न मुलाला अधिक असह्य होतो. म्हणून निकालाच्या दिवसांत मुलगा अबोल झाला, जेवण टाळू लागला, रात्री जागू लागला किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे काही बोलला, तर ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नये आणि रागानेही घेऊ नये. त्या क्षणी त्याच्यापाशी बसावे, त्याला एकटे सोडू नये. केंद्र शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक घराने लिहून ठेवावा. मदत मागण्यात कुळाची अप्रतिष्ठा नाही.

आधी नियम समजून घ्यावा

अनेक पालकांना ‘नापास’ या एकाच शब्दात सर्व काही संपलेले दिसते. प्रत्यक्षात महाविद्यालयीन अपयशाच्या पायऱ्या असतात. मुंबईत जिला सर्वजण ‘एटीकेटी’ म्हणतात, ती काही विषय अडकलेले असतानाही पुढच्या वर्गात बसण्याची अनुमती होय. पहिल्या सत्रात विषय राहिले तरी दुसऱ्या सत्राला बसता येते. दुसऱ्या वर्षात जाण्यासाठी मात्र अडकलेल्या विषयांची मर्यादा असते. ती अभ्यासक्रमाप्रमाणे आणि त्या तुकडीला लागू असलेल्या नियमाप्रमाणे वेगवेगळी असते. ती शेजाऱ्याकडून किंवा मित्राच्या मोबाईलवरून जाणून घेऊ नये. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने महाविद्यालयेच घेत आली आहेत. म्हणून खरे उत्तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर मिळते.

मर्यादेपेक्षा अधिक विषय राहिले तर वर्ष अडकते. परंतु तेव्हाही, सामान्यतः, उत्तीर्ण झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. राहिलेल्या विषयांचीच परीक्षा द्यायची असते. म्हणजे ज्याला घर ‘वाया गेलेले वर्ष’ म्हणते, त्या वर्षात विद्यार्थ्यावर प्रत्यक्षात निम्म्याहून कमी ओझे असू शकते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार, जे राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले, मिळवलेली श्रेयांके ‘शैक्षणिक श्रेयांक पेढी’त विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात. ‘पेढी’ हा शब्द व्यापाऱ्याला परका नाही. जमा झालेली ठेव एका वाईट वर्षाने नष्ट होत नाही, एवढे त्यातून समजावे.

एक धोका मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. एटीकेटी ही सूट आहे, माफी नव्हे. दुसऱ्या वर्षाचे नवे विषय आणि पहिल्या वर्षाचे जुने विषय असे दोन्ही ओझे डोक्यावर घेऊन चालायचे असते. पहिल्या वर्षाचे विषय शेवटपर्यंत मागे ठेवले तर तिसऱ्या वर्षाच्या दाराशी अडवणूक होते. पुष्कळ मुले पहिल्या वर्षी पडत नाहीत, ती तिथे अडखळतात आणि पडतात ती तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

कारणांची खतावणी

रोजकीर्दीत नोंद झाली, म्हणजे घरात सर्वांना कळले, की पुढचे काम खतावणीचे. कोणता तोटा कोणत्या खात्यावर टाकायचा, हे शांतपणे ठरवावे लागते. ‘अभ्यास केला नाही’ हे सर्व नुकसान एकाच खात्यावर टाकण्यासारखे आहे. पहिल्या वर्षाच्या अपयशाची साधारणपणे चार खाती दिसतात.

पहिले खाते पद्धतीचे. बारावीपर्यंत शिकवणीवर्ग नोट्स देतो, प्रश्न सांगतो, चाचणी घेतो. महाविद्यालयात व्याख्यान होते आणि पुढचे सारे विद्यार्थ्यावर सोडलेले असते. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्या मुलाला विषय समजतो, परंतु इंग्रजीत उत्तर मांडता येत नाही. याला आळस म्हणता येत नाही, ही कौशल्याची उणीव आहे आणि ती सहा महिन्यांत भरून निघू शकते.

दुसरे खाते निवडीचे. चुलतभाऊ सीए झाला म्हणून वाणिज्य, मामाचा मुलगा अभियंता झाला म्हणून विज्ञान, अशी निवड झाली असेल, तर तोच विषय पुन्हा देऊन उपयोग नाही. ज्या मालाला आपल्या पेठेत गिऱ्हाईक नाही तो माल शहाणा व्यापारी दुसऱ्यांदा भरत नाही.

तिसरे खाते प्रमादाचे. ७५ टक्के हजेरीचा नियम गृहीत धरला नाही, अंतर्गत परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहिला, प्रकल्प सादर केला नाही, मोबाईलवर रात्री गेल्या. हे मुलाने स्वतः मान्य करावे लागते. इथे दया दाखवून भागत नाही. मात्र प्रमाद हा दोष आहे, स्वभाव नव्हे. तो सोडता येतो, असेच आपली परंपरा सांगते.

चौथे खाते मनाचे आणि शरीराचे. आजारपण, घरातील मृत्यू, दुकानातील मंदीमुळे घरात रोज होणारे वाद, मैत्रीतील आघात, यांची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. ती घराने करावी.

ही खतावणी एका संध्याकाळी होत नाही. निकालाच्या रात्री पालकांनी तीनच प्रश्न विचारावेत : कोणते विषय राहिले, अर्जाची शेवटची तारीख कोणती आणि तू जेवलास का. ‘का’ हा प्रश्न दोन दिवसांनी विचारला तर त्याचे उत्तर खरे मिळते.

दुकान म्हणजे शिक्षा नव्हे

व्यापारी घरात नापास मुलाला ऐकावे लागणारे एक ठरलेले वाक्य आहे : ‘झाले शिक्षण, उद्यापासून दुकानावर बस.’ हे वाक्य रागाने उच्चारले की त्यात दोघांचा अपमान होतो, मुलाचा आणि दुकानाचाही. ज्या गादीवर आजोबांनी आयुष्य घालवले, ज्या गल्ल्यातून घरातील सर्व शिक्षणाचा खर्च निघाला, ती गादी नापासांची कोठडी ठरते.

काळाचौकीच्या इतिहासात या वाक्याचे एक जुळे वाक्य आहे. भोवतालच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा शाळा-कॉलेजात मागे पडलेला कामगाराचा मुलगा वडिलांच्या ओळखीने गिरणीत ‘बदली’ म्हणून लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते दार हळूहळू कायमचे बंद झाले. त्या घरांतील मुलांना नापास होणे परवडेनासे झाले. व्यापाऱ्याच्या मुलासाठी दुकानाचे दार अजून उघडे आहे. हे भाग्य आहे आणि मोहही आहे. दार उघडे असल्यामुळे मुलगा अभ्यासाकडे पाठ फिरवून आत शिरतो आणि पुढे दहा वर्षांनी वस्तू व सेवा कराचे विवरण, बँकेचा अर्ज आणि ऑनलाइन विक्रीचा करार वाचण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

म्हणून मधला मार्ग योग्य दिसतो. अडकलेल्या वर्षात मुलाने दुकानात बसावे, परंतु ठरावीक वेळ आणि ठरावीक कामासाठी. जमाखर्चात नापास झालेल्या मुलाकडे दुकानाची रोजकीर्द सोपवावी. पुस्तकातील ‘डेबिट-क्रेडिट’ जे शिकवू शकले नाही, ते खरी उधारी आणि खरा परतलेला माल शिकवतो. सकाळचे तीन तास अभ्यास, दुपारनंतर दुकान आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवणे, एवढा क्रम पाळला तरी वर्ष वाया जात नाही. ज्याला खरोखरच पूर्णवेळ व्यवसाय करायचा आहे, त्याच्यासाठी मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र, जे पूर्वी ‘आयडॉल’ नावाने ओळखले जाई, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे मार्ग आहेत. शिक्षण सोडणे आणि शिक्षणाची वाट बदलणे यांत पुष्कळ अंतर आहे.

इथेच मुलींविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मुलगा नापास झाला तर घर त्याला आणखी एक वर्ष देते. मुलगी नापास झाली तर पुष्कळदा तिच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. एकाच गुणपत्रिकेचे हे दोन हिशेब न्यायाला धरून नाहीत. ज्या मुलीला दुसरी संधी मिळाली नाही, तिला आपण नापास झालो हेच आयुष्यभर आठवत राहते. संधी मिळाली असती तर कदाचित ते दोन वर्षांत विसरले गेले असते.

इतिहासातील अडकलेली वर्षे

लालबाग-काळाचौकीचा सार्वजनिक गणेशोत्सव ज्यांचे नाव दरवर्षी घेतो, ते लोकमान्य टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्याच वर्षी अनुत्तीर्ण झाले होते. १८७२ मध्ये ते मॅट्रिक झाले. प्रकृती नाजूक होती, म्हणून कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी व्यायाम, पोहणे आणि शरीर कमावणे यांत घालवले आणि परीक्षेत त्याची किंमत मोजली. पुढे त्यांनी बी.ए. पहिल्या वर्गात केले, १८७९ मध्ये एल्‌एल.बी. झाले आणि १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाल्यावर तेथे गणित शिकवले. अडकलेल्या वर्षाचे कारण त्यांना ठाऊक होते. ते खाते त्यांच्या हिशेबात स्पष्ट होते, म्हणून ते पुढे ओढले गेले नाही.

महात्मा गांधींचे उदाहरण आपल्या वाचकांना आणखी जवळचे वाटेल. १८८८ मध्ये ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले. व्याख्याने समजेनात, गोडी वाटेना, तेव्हा एक सत्र होताच ते घरी परतले. दोष प्राध्यापकांचा नव्हता, आपणच कच्चे होतो, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात निःसंकोच नोंदवले. कुटुंबाने त्यांना दोष देत बसण्याऐवजी एका अनुभवी स्नेह्याचा सल्ला घेतला आणि विलायतेचा विचार पुढे आला. आईची संमती मिळावी म्हणून ज्यांच्यासमोर मद्य, मांस आणि परस्त्रीसंग वर्ज्य करण्याच्या तीन प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, ते बेचरजी स्वामी जैन साधू होते. लंडनमध्ये मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेतही गांधी पहिल्या प्रयत्नात लॅटिनमध्ये नापास झाले. त्यांनी पुन्हा तयारी केली आणि केवळ तेच ते घोटले नाही. ज्या शास्त्रविषयात मन लागत नव्हते तो रसायनशास्त्राचा विषय बदलून उष्णता व प्रकाश हा विषय घेतला आणि दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाले. पुन्हा परीक्षा देणे म्हणजे पुन्हा तेच करणे नव्हे, हा या प्रसंगाचा बोध.

आणि विद्यापीठाच्या दारातच आपल्या समाजाची एक खूण उभी आहे. कापसाच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळवणारे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आई राजाबाई यांचे नाव देण्यात आले. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील असंख्य पेढ्यांबरोबर त्यांचे वैभवही कोसळले. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला तेव्हा त्या पडझडीला तेरा वर्षे झाली होती. प्रेमचंद व्यापारातच राहिले, त्यांनी पुन्हा पत मिळवली आणि १९०६ मध्ये ते निवर्तले. आजही राजाबाई मनोऱ्याखालून जाणारा नापास विद्यार्थी, स्वतःला ठाऊक नसले तरी, मोठे अपयश पाहिलेल्या एका व्यापाऱ्याच्या दानाच्या सावलीतून जात असतो.

या उदाहरणांचा चुकीचा अर्थ मात्र काढू नये. नापास झालेला प्रत्येक जण टिळक किंवा गांधी होत नाही. बहुतेक मुले सामान्य, सचोटीचे, समाधानी आयुष्य जगतील, आणि तेवढे पुरेसे आहे. शिवाय आपल्याच घरांत एक विसंगती दिसते. सीएच्या परीक्षेत एक-दोन ‘अटेम्प्ट’ गेले तर कोणी खंत करत नाही, ‘कठीण असते, होईल’ म्हणतात. हेच औदार्य तेरावीच्या मुलाला दाखवायला हरकत नसावी.

आलोचना आधी, प्रतिक्रमण नंतर

प्रायश्चित्ताच्या प्रकारांत आलोचनेचे स्थान पहिले आहे. आपला दोष गुरूसमोर न लपवता, न वाढवता, न सजवता सांगणे म्हणजे आलोचना. त्यानंतर प्रतिक्रमण, म्हणजे परत फिरणे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण जे सांगितलेच नाही त्यापासून परत फिरता येत नाही. कपटाला आपल्या शास्त्रांनी ‘मायाशल्य’ म्हटले आहे. शल्य म्हणजे आत रुतलेला काटा. जखम काट्याने होते, परंतु पिकते ती काटा आत राहिल्याने. मात्र आलोचना ऐकणाऱ्याचेही एक कर्तव्य असते. गुरू ऐकलेला दोष उपाश्रयाच्या ओट्यावर सांगत बसत नाहीत. मुलाने विश्वासाने सांगितलेले अपयश वडिलांनी देरासराबाहेर किंवा लग्नाच्या पंगतीत चर्चेला आणू नये. पुढच्या वेळी तो सांगेल की लपवेल, हे यावरून ठरते.

कित्येक घरांत अभ्यासातील अपयशाला ‘ज्ञानावरणीय कर्माचा उदय’ म्हणून सोडून दिले जाते. त्याच कर्माची कथा पाठशाळेत शिकवली जाते, ती माषतुष मुनींची. या मुनींना काहीही पाठ होत नसे. गुरूंनी त्यांना राग करू नये आणि हर्षही मानू नये, एवढ्याच अर्थाचे एक लहानसे वचन दिले. तेही त्यांना नीट आठवेना. शब्द बिघडले, लोक हसले. त्यांनी हसणाऱ्यांवर राग धरला नाही, बारा वर्षे ते वचन घोकले आणि शेवटी त्यांना केवलज्ञान झाले. कर्माचा उदय मान्य करूनही पुरुषार्थ सोडू नये, एवढे या कथेत आहे. त्यांच्या बारा वर्षांपुढे महाविद्यालयाचे एक वर्ष फार मोठे नाही.

कार्तिक शुद्ध पंचमी हा दिवस आपल्या पंचांगात दोन नावांनी येतो. उपाश्रयात ती ज्ञानपंचमी असते, ग्रंथांची पूजा होते. बाजारात तीच लाभपंचमी असते, दिवाळीनंतर दुकाने उघडतात आणि नव्या वहीत पहिली नोंद होते. निकाल लागतो तो साधारण पावसाळ्यात. पंचमीपर्यंत चार-पाच महिने मिळतात. तेवढ्या काळात विषय घरात सांगून झालेले असावेत, अर्ज भरलेले असावेत, कारणे खात्यांवर टाकलेली असावीत आणि मुलाच्या टेबलावर पहिली सोडवलेली प्रश्नपत्रिका असावी. जुन्या वहीतील बाकी लपवून नवी वही उघडण्याची आपल्या पेढ्यांची रीत नाही. जुनी बाकी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढून घ्यायची आणि त्याच्या खाली जमेची नोंद सुरू करायची, हीच रीत आहे.